डॉक्टर, ऑपरेशननंतर हा आजार पुन्हा पसरेल का?

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. डोंबिवलीतील माझा छोटासा दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एक तरुण फाईल घेऊन आत आला. त्याचे वडील बाहेर बाकावर बसून होते. मुलाने दार हळूच लोटून घेतले आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. "डॉक्टर, ऑपरेशन नीट झालं, सगळी गाठ काढली असं सांगितलं. मग हे 'तीन बाय बावीस' काय लिहिलंय? आणि एन टू म्हणजे दुसरी स्टेज ना? मग तर लवकरच सापडलं म्हणायचं." एवढे बोलून तो थांबला आणि दाराकडे पाहत म्हणाला, "बाबांना यातलं काही सांगू नका हं."

त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या काकांना, मी वीस वर्षे ओळखतो. एमआयडीसीतील एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षे तंबाखू-चुना मळून खाल्लेला. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला, आधी केमोथेरपी व किरणोपचार झाले आणि मग शस्त्रक्रिया. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे. ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत, बाकी हकिकत आहे तशी आहे.

त्या कागदावर जे लिहिले होते ते समजून घेणे हाच आजच्या लेखाचा विषय. कारण शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो, तो पुन्हा पसरेल का? त्याचे उत्तर जितके देता येते तितके त्या एका कागदात असते, आणि बहुतेक घरांत तो कागद न वाचताच फाईलमध्ये जातो.

आधी माझी चूक सांगतो. काका पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती, "भात जातो, पोळी छातीत अडकल्यासारखी होते. वरून पाणी प्यायलो की उतरते." मी पोट तपासले, आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या आणि जागरण कमी करा म्हणून सांगितले. दहा दिवसांनी आले, मी गोळी बदलली. तिसऱ्या खेपेला वजन चार किलोने उतरलेले दिसले तेव्हा कुठे मी दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. म्हणजे तीन-साडेतीन आठवडे माझ्या हातून गेले. साठीच्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाला घास अडकतो म्हटल्यावर ती चिठ्ठी पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती. अन्ननलिका लवचिक असते. ती निम्म्याहून अधिक अरुंद होईपर्यंत माणसाला सहसा काही जाणवत नाही. पोळी अडकू लागली, त्याचा अर्थ आजार बरेच दिवस मुक्कामाला होता.

पसरतो तो का आणि कसा

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. आतून नाजूक अस्तर, त्याखाली एक पातळ थर, मग स्नायूंचा थर आणि बाहेरून सैलसर आवरण. आपल्या जठराला व आतड्यांना बाहेरून एक चिवट, गुळगुळीत पापुद्रा असतो. अन्ननलिकेच्या बहुतेक भागाला तो नसतो. त्यामुळे स्नायूंचा थर ओलांडला की कर्करोगाला अडवणारी भिंत उरत नाही. शेजारी श्वासनलिका, हृदयाचे आवरण, फुप्फुसाचे आवरण आणि शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी असते. इतक्या दाटीच्या ठिकाणी हा आजार उद्भवतो.

दुसरी अडचण लसिका वाहिन्यांची. शरीरातील पेशींभोवतीचे पाणी वाहून नेणाऱ्या या बारीक वाहिन्या आणि त्यांच्यावर जागोजागी असणाऱ्या चवळी-पावट्याएवढ्या लसिका ग्रंथी. अन्ननलिकेत या वाहिन्यांचे जाळे आतल्या अस्तराच्या अगदी जवळ आहे आणि ते आडवे कमी, उभे जास्त धावते. आपल्या मध्य रेल्वेचे उदाहरण घ्या. डोंबिवलीहून धीमी लोकल सुटली की कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत ठाण्याला पोहोचते. जलद गाडी मधली स्टेशने सोडून थेट ठाण्याला थांबते. छातीच्या मध्यावर असलेल्या गाठीतील पेशीही कधी धीम्या गाडीने शेजारच्याच ग्रंथीत उतरतात, तर कधी जलद गाडीने थेट मानेत किंवा खाली जठराजवळच्या ग्रंथीत जातात. मधल्या ग्रंथी स्वच्छ आहेत म्हणून पुढच्याही स्वच्छ असतील असे या आजारात धरून चालत नाही. शल्यचिकित्सक गाठीबरोबर वरखालची बरीच नळी आणि छाती-पोटातील ग्रंथींचे समूहच्या समूह काढतात, त्यामागे हेच कारण आहे.

तिसरा मार्ग रक्ताचा. त्यातून पेशी यकृत, फुप्फुसे, हाडे आणि क्वचित मेंदूपर्यंत जातात. जातात सगळीकडे, रुजतात मात्र काही ठिकाणीच. १८८९ साली स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज शल्यचिकित्सकाने स्तनांच्या कर्करोगाच्या बाबतीत हे पाहिले आणि बी व जमीन असा दाखला दिला. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी अशा काही पेशी आधीच गावाबाहेर पडलेल्या असू शकतात. त्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत, पेट स्कॅनमध्येही दिसत नाहीत. "सगळी गाठ काढली" हे वाक्य खरे असते आणि तरीही आजार परत येऊ शकतो, त्याचे कारण हे. डॉक्टर खोटे बोलले असे नव्हे.

कागद कसा वाचावा

काढलेला भाग विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो. तो त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो आणि अहवाल लिहितो. पेशंटला या डॉक्टरचे तोंडही कधी दिसत नाही, पण पुढचा अंदाज मुख्यतः त्याच्या लेखणीवर अवलंबून असतो. मुंबईत या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले तेव्हापासून तेथील प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे होती. तंबाखू खाणे व ओढणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध सांगणारा डॉ. संघवी, डॉ. राव व डॉ. खानोलकर यांचा लेख १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. १९७१ मध्ये डॉ. जस्सावाला व देशपांडे यांनी मुंबईतील रुग्णांवरून पुन्हा तेच दाखवून दिले. म्हणजे काकांनी तंबाखूची पहिली चिमूट तोंडात टाकली त्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट आपल्याच शहरातून जगाला सांगून झाली होती.

तर, अहवालात 'टी' हे अक्षर असते. आजार भिंतीत किती खोल गेला ते त्यावरून कळते. टी १ म्हणजे आतल्या अस्तरात किंवा त्याखालच्या थरात, टी २ म्हणजे स्नायूंत, टी ३ म्हणजे स्नायू ओलांडून बाहेरच्या सैल आवरणात आणि टी ४ म्हणजे शेजाऱ्याच्या घरात. केवळ अस्तरापुरता असेल तर ग्रंथींत जाण्याची शक्यता फारच थोडी. इतकी की काही वेळा छाती न उघडता दुर्बिणीतूनच तेवढे अस्तर खरवडून काढता येते. अस्तराखालच्या थरात शिरला की हीच शक्यता एकदम वाढते. अंतर मिलिमीटरचे असते, पण लसिका वाहिन्यांचे दाट जाळे नेमके तेथेच आहे.

मग 'एन'. माझ्या मते संपूर्ण कागदातील सर्वांत बोलके अक्षर. किती ग्रंथींत आजार सापडला यावरून ते ठरते. एकीतही नाही तर एन ०, एक किंवा दोन ग्रंथींत असेल तर एन १, तीन ते सहा असतील तर एन २ आणि सात किंवा अधिक असतील तर एन ३. काकांच्या 'तीन बाय बावीस'चा अर्थ बावीस ग्रंथी तपासल्या, तिघींत आजार मिळाला. म्हणून एन २. मुलाला वाटले तशी ही दुसरी स्टेज नव्हे. टी ३ आणि एन २ मिळून आजार तिसऱ्या पायरीत मोडतो. हे त्याला सांगताना मला जड गेले, पण चुकीच्या समाधानावर त्याला घरी पाठवणे मला पटेना.

येथे खालचा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो कोणी पाहत नाही. समजा अहवालात 'शून्य बाय चार' लिहिले आहे. घरचे पेढे वाटतात. पण चारच ग्रंथी तपासल्या असतील तर न तपासलेल्या ग्रंथींत काय होते हे कोणाला ठाऊक? 'शून्य बाय पंचवीस' हा दिलासा खरा. निदान पंधरा ग्रंथी तरी तपासल्या जाव्यात असा संकेत आहे, अर्थात आधी किरणोपचार झाले असतील तर ग्रंथी आक्रसतात व थोड्या कमी सापडतात. म्हणूनच ही शस्त्रक्रिया जेथे नेहमी होते अशा ठिकाणी करून घ्यावी असा माझा आग्रह असतो. हर्नियाचे ऑपरेशन गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये करायला हरकत नाही, हे मात्र करू नये.

कडा स्वच्छ आहेत का, हे तिसरे. अहवालात 'मार्जिन फ्री' असे असते. नळीच्या वरच्या-खालच्या कडांबरोबर बाजूच्या घेराची कडाही पाहायची असते. तेथे पेशी सापडल्या तर त्याच जागी आजार परतण्याचा धोका वाढतो. त्यापुढे 'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन' असा लांबलचक शब्द येतो. पेशी बारीक वाहिन्यांच्या आत शिरताना प्रत्यक्ष दिसल्या का, एवढाच त्याचा अर्थ. दिसल्या असतील तर गाडी फलाटावर उभी होती आणि प्रवासी चढत होते असे समजावे. 'वेल', 'मॉडरेट' आणि 'पुअर' हे शब्द पेशी मूळ स्वरूपापासून किती बिघडल्या ते सांगतात. 'पुअर' म्हणजे जास्त बिघडलेल्या, जास्त आडदांड. याचा अंदाज बांधायला उपयोग होतो, पण ग्रंथींच्या आकड्याइतका नाही.

काकांच्या अहवालात टी आणि एन यांच्या आधी 'वायपी' अशी दोन अक्षरे होती. मुलाला तो छपाईतला दोष वाटला होता. शस्त्रक्रियेच्या आधी केमो किंवा किरणोपचार झाले असतील तर ही अक्षरे लिहितात. उपचारानंतर काय शिल्लक उरले त्याचे हे मोजमाप. उपचाराने गाठीतील पेशी पूर्णपणे मेलेल्या आढळल्या तर ती अतिशय चांगली खूण. नेदरलँड्समधील 'क्रॉस' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. आधी केमो-किरणोपचार घेऊन मग शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी २९ टक्के रुग्णांत काढलेल्या भागात जिवंत कर्करोग उरलाच नव्हता. आपल्याकडे जो प्रकार जास्त दिसतो त्या 'स्क्वॅमस' प्रकारात तर हे प्रमाण ४९ टक्के होते. काका उरलेल्या निम्म्यांत निघाले. गाठ लहान झाली होती, संपली नव्हती, आणि तीन ग्रंथींत आजार तग धरून होता.

आकडे आणि माणूस

मुलाने घरी जाऊन मोबाईलवर शोधाशोध केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडण्याआधीच तो पायरीवर बसलेला. डोळे सुजलेले. त्याने त्याच 'क्रॉस' अभ्यासातील एक आकडा वाचला होता, नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य २४ महिने. "म्हणजे डॉक्टर, पुढच्या ते पुढच्या श्रावणापर्यंत?"

हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे. तो आकडा सरासरीही नाही आणि मुदतही नाही. शाळेच्या मैदानावर मुलांना उंचीप्रमाणे ओळीत उभे करतात. बरोबर मध्ये उभ्या असलेल्या मुलाची उंची म्हणजे तो आकडा. त्याच्या एका बाजूला अर्धी मुले बुटकी, दुसऱ्या बाजूला अर्धी उंच, आणि उंचांपैकी काही फारच उंच. नुसती शस्त्रक्रिया झालेल्या गटात मधला रुग्ण २४ महिन्यांवर होता, आधी केमो-किरणोपचार घेतलेल्या गटात ४९ महिन्यांवर. त्याच रुग्णांचा पुढे दहा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात शंभरातील २५ आणि दुसऱ्या गटात ३८ जण हयात होते. काकांनी आधी उपचार घेतले होते, म्हणजे मुलाने पाहिलेला आकडा त्यांच्या गटाचा नव्हताच. तेवढ्याने त्याचा चेहरा जरा उजळला. मी त्याला हेही सांगितले की ग्रंथींत आजार उरलेल्यांचा धोका त्या गटातल्या इतरांपेक्षा जास्त असतो. अर्धवट धीर देऊन उपयोग नसतो. तो पुढच्या कागदाबरोबर गळून पडतो.

हल्ली संगणकावर अंदाज बांधण्याचे तक्तेही निघाले आहेत. त्यांना नोमोग्रॅम म्हणतात. वय, गाठीची खोली, ग्रंथींची संख्या, पेशींचा प्रकार अशा प्रत्येक गोष्टीला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि अमुक वर्षांत आजार परतण्याची शक्यता इतके टक्के असे वाचायचे. कृत्रिम बुद्धिमत्तेने स्कॅन वाचून अंदाज सांगण्याचे प्रयत्नही चालू आहेत. हे तक्ते उपयोगाचे आहेत, पण ते कोणत्या रुग्णांवरून बनवले हे आधी विचारावे. युरोप-अमेरिकेत या आजाराचा वेगळा प्रकार जास्त आढळतो. तो अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला होतो आणि त्याचा संबंध लठ्ठपणा व जुन्या आम्लपित्ताशी असतो. 'क्रॉस' अभ्यासातही तीन चतुर्थांश रुग्ण त्याच प्रकारचे होते. तिकडचा तक्ता आपल्या तंबाखू खाणाऱ्या काकांना जसाच्या तसा लावणे म्हणजे पुण्याचा पावसाचा अंदाज ऐकून डोंबिवलीत छत्री घरी ठेवण्यासारखे आहे. चीनमध्ये आपल्यासारखाच स्क्वॅमस प्रकार जास्त असतो, त्यामुळे तिथले तक्ते थोडे जवळचे. आणि शंभरातील साठ जणांत परतेल असे तक्ता सांगतो, तेव्हा काका साठांत की चाळिसांत हे तो सांगत नाही.

मग अंदाजाचा उपयोग काय? उपचार ठरवायला. आधी केमो-किरणोपचार होऊनही काढलेल्या भागात आजार शिल्लक सापडला, अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर वर्षभर निव्होलुमॅब नावाचे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध दिले तर काय होते याचा ७९४ रुग्णांवरील अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. आजार न परतता गेलेला मधला काळ ११ महिन्यांवरून २२ महिन्यांवर गेला. औषध महाग आहे, प्रत्येकाला ते परवडेल किंवा सोसेल असे नाही. पण आपला माणूस त्या गटात बसतो का, हा प्रश्न तज्ज्ञांना विचारण्याचा हक्क तरी त्या कागदाने मिळतो. काकांच्या मुलाने तो विचारला. खर्चाचा आकडा ऐकून त्यांनी घरी बसून विचार केला आणि घेतले नाही. त्या निर्णयावर मी मत दिले नाही.

दुसरा उपयोग तपासण्यांचा. परतणारा आजार बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत परततो. म्हणून या काळात दर तीन महिन्यांनी, फार तर दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा. दर वेळी पेट स्कॅन करण्याची गरज नसते. या आजाराचा परतावा खात्रीने सांगेल अशी रक्ताची तपासणीही आज नाही. कोणी 'कॅन्सर मार्कर'चे पॅकेज गळ्यात मारू लागले तर आधी आपल्या तज्ज्ञाला विचारा.

घरच्यांनी काय पाहावे

शस्त्रक्रियेत जठराची नळी करून ती वर छातीत किंवा मानेपर्यंत आणून जोडतात. त्यामुळे सुरुवातीच्या काही महिन्यांत घास पुन्हा अडकू लागला तर लगेच धीर सोडू नये. पुष्कळदा तो जोडाच्या जागी व्रण आक्रसल्याने अडकतो, आणि दुर्बिणीतून ती जागा रुंद करून देता येते. काकांना तिसऱ्या महिन्यात तसेच झाले, दोनदा जोड रुंद करावा लागला आणि ते पुन्हा मऊ पोळी खाऊ लागले. मात्र नीट खाणाऱ्या माणसाला वर्षभराने पुन्हा घास अडकू लागला तर एक दिवसही थांबू नये.

पहिल्या सहा महिन्यांत वजन उतरतेच, कारण जठराची पिशवी राहिलेली नसते. दोन वेळच्या जेवणाऐवजी दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे, जेवणात पाणी कमी प्यावे, जेवल्यावर निदान दोन तास आडवे होऊ नये आणि झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवावी. दर रविवारी एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावे. स्थिरावलेले वजन पुन्हा घसरू लागले तर ती सूचना समजावी. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, पाणी पिताना ठसका लागू लागला, पाठीत किंवा हाडात रात्री जागवणारे दुखणे सुरू झाले, कावीळ दिसली, सतत डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आणि मान. डाव्या गळ्याच्या हाडामागच्या खळग्यात एक लसिका ग्रंथी असते. छाती-पोटातून येणारी मोठी लसिका वाहिनी तेथेच रक्तात मिळते, त्यामुळे आतल्या आजाराची वर्दी कधी कधी पहिल्यांदा तेथे लागते. जर्मन शास्त्रज्ञ व्हिर्कोव यांच्या नावाने ती ओळखली जाते. मी काकूंना दवाखान्यात बोलावले आणि त्यांचे बोट धरून ती जागा दाखवली. "दर रविवारी वजन झालं की इथे हात फिरवायचा," एवढेच सांगितले.

तोपर्यंत काकांपासून लपवण्याचा प्रश्न मिटला होता. दुसऱ्याच आठवड्यात ते एकटे आले, मुलाने दडवलेल्या कागदाची झेरॉक्स खिशात घेऊन. "पोरगा समजतो बाप अडाणी आहे. कंपनीत तीस वर्षं मीटरचं रीडिंग लिहिलं मी. तीन बाय बावीस मला कळतं. एन टू काय ते तुम्ही सांगा." मी सांगितले. ते बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "बरं झालं. आता हॉस्पिटलात कशासाठी जायचं ते तरी कळेल." माझा अनुभव असा की लपवलेल्या घरांतले रुग्ण तपासणीला येणे आधी सोडतात. गाठ काढली, बरा झालो, मग दर तीन महिन्यांनी परळला चकरा कशाला, असे त्यांना वाटते आणि त्यांचे चूकही नसते.

त्याच दिवशी दुसरीही गोष्ट उघड झाली. तंबाखू सोडली होती, पण खिशात भाजक्या सुपारीची डबी होती. "नुसती सुपारी आहे हो." नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच तसे ठरवले आहे. ज्या तोंडा-घशावर तीस वर्षे तंबाखू फिरली तेथे दुसरा, स्वतंत्र कर्करोग उद्भवू शकतो. म्हणून प्रत्येक तपासणीत जीभ, गाल आणि घसाही पाहून घ्यावा. चहाबद्दल बरेच जण विचारतात. ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेला बहुधा घातक आहेत असे याच संस्थेने २०१६ मध्ये म्हटले. चहा सोडू नका, बशीत ओतून प्या. आपल्या आज्या-पणज्या तसाच पीत होत्या.

परळच्या फेऱ्यांविषयी दोन शब्द. सकाळी डोंबिवलीच्या गर्दीत अशा रुग्णाला चढवणे म्हणजे शिक्षा. कर्करोगाच्या रुग्णांना लोकलच्या दिव्यांगांसाठी राखीव डब्यातून जाण्याची मुभा आहे, रुग्णालयाचा दाखला खिशात असू द्यावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, केमो व किरणोपचार येतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते, दाखल होण्याआधीच तेथे रेशनकार्ड घेऊन जावे. आणि मूळ अहवाल लॅमिनेट करू नका. रुग्णालये त्यावर शिक्के मारतात, नोंदी करतात. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही मागून जपून ठेवा. दुसरे मत घ्यायचे झाले तर तेच लागतात.

पुढच्या वैशाखात, शस्त्रक्रियेला दहा महिने झाले असताना, एका रविवारी दुपारी काकूंचा फोन आला. "डॉक्टर, तुम्ही दाखवलेल्या जागी शेंगदाण्याएवढं काहीतरी लागतंय." मी घरी जाऊन पाहिले. होते. सुईने पाणी काढून तपासले, तोच आजार निघाला. स्कॅनमध्ये यकृत, फुप्फुसे, हाडे सगळी स्वच्छ होती, आजार त्या एका जागी होता. तीन ग्रंथींनी वर्तवलेले भाकीत खरे झाले होते. लवकर सापडल्याने प्रत्येक वेळी आयुष्य वाढतेच असा पुरावा नाही. पण एखाद-दुसऱ्या ग्रंथीपुरता परतलेला आजार किरणोपचार व केमोने आटोक्यात आणण्याची संधी असते, आणि तीच यकृतभर पसरल्यावर राहत नाही. तज्ज्ञांनी मानेवर किरणोपचार दिले, सोबत केमो.

त्यालाही आता वर्ष झाले. मागच्या महिन्यातील स्कॅन स्वच्छ आला आहे. काकांचे वजन एकावन्न किलो, गेले पाच रविवार तेवढेच. पुढची तारीख बुधवारची आहे.